लाज कासू

पहिलीतलं पोरगं होतं ते. वय सहा, दिसायला चारचं. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस आणि वर्गावर पत्रे, त्यामुळे मला माझंच बोलणं ऐकू येत नव्हतं. मध्येच ते उठून माझ्या टेबलापाशी आलं, दोन्ही हात पोटावर धरलेले, आणि म्हणालं, "लाज." मी म्हटलं लाजतोस कशाला रे बाळा, ये, बस इथे माझ्याजवळ. ते परत म्हणालं, "बाई, लाज कासू." मला वाटलं कोणीतरी चिडवलंय याला, म्हणून मी वर्गाकडे बघून दटावलं की याला कोणी लाजवायचं नाही, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून त्याला जागेवर पाठवलं. पोरं माझ्याकडे बघतच राहिली. ते जागेवर जाऊन भिंतीला टेकून बसलं आणि खिचडीच्या वेळेपर्यंत एक शब्द बोललं नाही.

मेळघाटातल्या आदिवासींच्या कोरकू भाषेत पोटाला लाज म्हणतात. कासू म्हणजे दुखणं.

हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोपर्यंत त्याच्या पोटावर डंबा दिला गेला होता.

मी मूळची दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली. सपाट काळी जमीन, डोंगर म्हणजे उत्तरेला क्षितिजावर दिसणारी निळी रेघ. त्या रेघेच्या आत माणसं राहतात, त्यांची वेगळी भाषा आहे, हे मला डीएड होईपर्यंत नीट माहीतसुद्धा नव्हतं, खरं सांगते. २०११ मध्ये शिक्षणसेविका म्हणून पहिली ऑर्डर निघाली ती चिखलदरा तालुक्यातली. घरचे म्हणाले चिखलदरा म्हणजे थंड हवेचं ठिकाण, मजा आहे. तालुका चिखलदरा होता, पण गाव परतवाड्याहून घाट चढून, सेमाडोह मागे टाकून, मुख्य रस्ता सोडून आत अकरा किलोमीटर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पोरं साठेक आणि एकूण एक कोरकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मेळघाट म्हणजे सातपुड्याच्या गाविलगड रांगेतला भाग, अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या पाच नद्या इथून निघून तापीला मिळतात. सिपना म्हणजे कोरकूत साग, आणि ती नदी खरंच सागाच्या जंगलातूनच वाहते, नाव ठेवणाऱ्याने डोळ्यांनी बघून ठेवलंय. बाहेरच्या लोकांना मेळघाट दोनच कारणांनी माहीत आहे, वाघ आणि कुपोषण. १९७४ चा व्याघ्र प्रकल्प, देशातल्या पहिल्या नऊमधला, आणि १९९३ साली देशभर गाजलेले बालमृत्यू. मधल्या माणसांविषयी कोणी फारसं विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

तर डंबा. लहान लेकराचं पोट फुगलं, दुखायला लागलं, पोटावरच्या निळ्या शिरा दिसायला लागल्या की विळा किंवा लोखंडाची सळई विस्तवात लाल करून भुमका, म्हणजे गावचा वैदू-पुजारी, पोटावर चटके देतो. कधी चारदोन, कधी खूप. पोटातलं दुखणं चटक्याने बाहेर निघतं असा समज. मी तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले तेव्हा ते बाजेवर पडलं होतं, पोटावर उघड्या जखमा, त्यावर राखेसारखं काहीतरी लावलेलं. मला चक्कर आली. आणि मग राग आला, इतका की मी त्याच्या आजीला नको नको ते बोलले, मराठीत, एका दमात. तुम्ही माणसं आहात की कोण, लेकराला कोणी असं भाजतं का, वगैरे वगैरे.

आजीने सगळं ऐकून घेतलं. तिला किती कळलं माहीत नाही. मग ती हिंदीत म्हणाली, तिथे बाहेरच्यांशी हिंदीच बोलतात, मोडकीतोडकी, "बाई, बच्चा भुमका को बोला लाज कासू, भुमका समज गया. तुमको बी बोला था ना पहले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने आधी मलाच सांगितलं होतं.

पोरगं वाचलं. अंगणवाडीच्या ताई कोरकूच होत्या, त्यांनी घरच्यांना समजावलं, आम्ही सरांच्या गाडीवर त्याला धारणीला नेलं, मध्ये सिपनेला पूर होता म्हणून दोन तास अलीकडच्या काठावर बसून राहिलो, पण पोचलो. पोटात जंत होते. एका गोळीचं काम होतं, आणि ती गोळी शाळेच्या कपाटातसुद्धा होती. व्रण मात्र अजून आहेत त्याच्या पोटावर.

डंबा चांगला नाही. लेकरं त्याने दगावतात, जखमा चिघळतात, तो थांबलाच पाहिजे, यात मला आजही काही शंका नाही आणि संस्कृती म्हणून त्याची पाठराखण करणाऱ्यांशी मी भांडते. पण लोक भुमकाकडे का जातात याचं जे उत्तर शहरात देतात, अडाणी आहेत म्हणून, अंधश्रद्धा आहे म्हणून, ते मला त्या दिवसानंतर कधी पटलं नाही. भुमका गावात असतो. रात्री दोन वाजता उठतो. त्याला लाज म्हणजे काय ते कळतं. तो लेकराचं पोट हाताने चाचपतो, आईला विचारतो काय खाल्लं, कुठे गेली होतीस, कोणाशी भांडण झालं, कुठल्या देवाचं काही राहिलंय का. अर्धा तास बसतो. दवाखान्यात गेलेल्या बाईला कोणी अर्धा तास दिलाय का कधी? आणि आधी मुळात दवाखान्यात पोचायचं कसं.

त्या पावसाळ्यात मी कोरकू शिकायला घेतलं. पुस्तक नव्हतं माझ्याकडे, पोरंच गुरू. वहीत एका बाजूला मराठी, एका बाजूला कोरकू. दा म्हणजे पाणी. सिंगेल म्हणजे विस्तव. उरा म्हणजे घर. कूला म्हणजे वाघ. जोम म्हणजे खाणं. मेड डोळा, लुतुर कान, मू नाक, ती हात. मिया, बारी, आफई, उफून, मोनोई, एक ते पाच. पोरं पोट धरून हसायची माझे उच्चार ऐकून, आणि गंमत म्हणजे त्याच पोरांना मी गेला महिनाभर मुकी समजत होते. वर्गात ओळीने बसलेली, खाली मान घातलेली, काही विचारलं तर नुसती बघणारी. मी रजिस्टरमध्ये अर्ध्या वर्गापुढे "प्रतिसाद देत नाही" असं लिहिलं होतं. ते पान मी नंतर फाडलं नाही, मुद्दाम ठेवलंय.

एकदा फळ्यावर लिहिलं, सीता पाणी आण. वर्ग फुटला हसून. कोरकूत सिता म्हणजे कुत्रा. आता सहा वर्षांच्या लेकराने काय समजायचं, कुत्रा पाणी कसं आणणार? मराठी पहिलीत आलेल्या मराठी पोराला अक्षर तेवढं नवीन असतं, शब्द त्याच्या घरातलाच असतो. या लेकराला अक्षर नवीन, शब्द नवीन, शब्दामागची वस्तूही पुष्कळदा नवीन, आणि शिकवणारी बाई कुठल्यातरी परक्या भाषेत ओरडतेय. तरी ती रोज शाळेत येतात, हेच मला मोठं वाटतं.

ही भाषा मराठीचीही नाही आणि गोंडीचीही नाही. मुंडा कुळातली आहे. तिच्या जवळच्या नातेवाईक संथाली, मुंडारी आणि हो या भाषा, म्हणजे झारखंड-ओडिशाकडच्या, आणि हे कुळ ज्या मोठ्या ऑस्ट्रोआशियाई कुळात येतं ते पार कंबोडिया-व्हिएतनामपर्यंत जातं. सगळ्यांच्या पश्चिमेला एकटी पडलेली ही बहीण. २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाख लोकांनी आपली भाषा कोरकू सांगितली, बरेचसे मध्य प्रदेशात, खंडवा बैतूल भागात, उरलेले इकडे. संथालीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, कोरकूला नाही. कोरो म्हणजे माणूस आणि कू लागलं की अनेकवचन, म्हणजे कोरकूचा अर्थ नुसता "माणसं". मला हे कळलं त्या रात्री मी आजीला नको नको ते बोलले होते ते आठवून झोप लागली नाही, तुम्ही माणसं आहात की कोण असं मी म्हटलं होतं ना.

आजीशी पुढे छान जमलं. तिच्याकडे मी संध्याकाळी जाऊन बसायची, लाइट नसायचीच बहुतेक, चुलीपाशी. गावाची रचना सांगते, समोरासमोर घरांच्या दोन लांब ओळी आणि मधून रुंद रस्ता, बांबूच्या तट्ट्यांना मातीने लिंपलेल्या भिंती, एका घराची भिंत दुसऱ्याला लागून. त्यामुळे कोणाच्या घरी काय शिजलं आणि काय नाही शिजलं, सगळ्या ओळीला माहीत. रस्ता रोज झाडलेला. एवढं स्वच्छ गाव मी आमच्या भागात पाहिलं नाही, कोणाला राग आला तर येऊ दे.

आजीनेच मला माणसं कशी झाली ती गोष्ट सांगितली. सातपुड्याचा हा सगळा मुलूख आधी ओसाड होता, माणूस नव्हता. रावणाला वाईट वाटलं, त्याने महादेवाला विनवलं की इथे माणसं वसव. महादेवाने कावळ्याला पाठवलं, जा, लाल मातीचं वारूळ शोध. कावळ्याने शोधलं. त्या मातीचे महादेवाने दोन पुतळे केले, एक बाप्या एक बाई, पण ते वाळायच्या आत इंद्राचे घोडे आले आणि तुडवून गेले. परत केले, परत तुडवले. मग महादेवाने आधी मातीचे दोन कुत्रे केले, त्यांच्यात जीव घातला, त्यांनी भुंकून भुंकून घोडे पळवले आणि मग कुठे पुतळे नीट वाळले. ते मुला आणि मुलाई, पहिले कोरकू. गोष्ट संपली तेव्हा आजीचं कुत्रं दारात झोपलेलं होतं आणि आजी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सिता." माझ्या फळ्यावरची सीता तिच्या कानावर आली होती, नक्की.

रावण त्यांच्यासाठी आपला आहे हे ऐकून सुरुवातीला मला कसंसंच झालं होतं. पण त्या गोष्टीत रावण हा असा माणूस आहे ज्याला रिकामे डोंगर बघवले नाहीत. त्याचा मुलगा मेघनाथ, त्याची पूजा होळीच्या दिवसांत होते, उंच लाकडी खांब उभा करतात, नवस फेडतात, यात्रा भरते. सूर्याला गोमेज म्हणतात आणि देवालाही तोच शब्द. गावाच्या शिवेवर झाडाखाली शेंदूर फासलेले दगड असतात, तो मुठवा, गाव सांभाळणारा. पेरणीच्या आधी त्याला नारळ, कोंबडा, मोहाच्या सिडूची, म्हणजे दारूची, धार. मेलेल्या माणसांसाठी सागाच्या फळीवर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरून ती फळी झाडाखाली उभी करतात, मुंडा म्हणतात तिला. पाऊस खाऊन खाऊन लाकूड पांढरं पडतं, कोरीव काम बोटाला लागतं पण डोळ्याला दिसत नाही अशा जुन्या फळ्या मी पाहिल्या आहेत. आजीने तिच्या नवऱ्याची दाखवली होती, हात लावून.

लग्नात मुलीच्या बापाला मुलाकडचे पैसे देतात, हुंडा हा प्रकार नाही. ज्याच्याकडे पैसे नसतील तो होणाऱ्या सासऱ्याच्या शेतात काही वर्षं राबतो, त्याला लमझना म्हणतात. मी हे माझ्या आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, माझ्या लग्नासाठी बाबांचं तेव्हा शेत गहाण ठेवायचं चाललं होतं. सगळं गोड आहे असं नाही. मुलींची लग्नं फार लवकर होतात, अठराच्या आत पुष्कळ, पहिलं लेकरू अंगावर पीत असतानाच दुसरं पोटात. बाई बाळंत होईपर्यंत लाकडं वाहते. माझ्या चौथीतल्या दोन मुली, पुढे आश्रमशाळेत गेलेल्या, मला चार वर्षांनी कडेवर लेकरू घेऊन भेटल्या. हे लिहिताना पण त्रास होतो.

आता भुकेचं. लोक विचारतात, जंगलात एवढं सगळं असताना कुपोषण कसं? मोह आहे, चारोळी आहे, कंदमुळं, रानभाज्या, मासे, कोदो-कुटकीसारखी भरडधान्यं. होतं. आजीच्या लहानपणीचं जेवण ती सांगायची तर त्यात अठरा-वीस प्रकारच्या भाज्यांची नावं यायची. जंगलात जायला एकेक बंदी येत गेली, मग कोदो-कुटकीच्या जागी सोयाबीन आलं, सोयाबीन खाता येत नाही, विकून पैसे येतात आणि ते दुकानदाराच्या उधारीत जातात. ताटात राहिली मक्याची नाहीतर ज्वारीची भाकर आणि पातळ डाळ, रेशनचा तांदूळ. डोंगरउतारावरची दोन-तीन एकर कोरडवाहू, मुरमाड, पीक एकच.

दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. नवरा-बायको लेकरं घेऊन खाली उतरतात, अकोला, अमरावती, मध्य प्रदेशात, हरभरा सोंगायला, कापूस वेचायला, संत्र्याच्या बागांत, वीटभट्ट्यांवर. लेकरू अंगणवाडीत असेपर्यंत त्याचं वजन होतं, आईला अमृत आहार योजनेतलं गरम जेवण होतं (२०१५ पासून सुरू झालं ते, आणि जिथे नीट चालतं तिथे मी फरक डोळ्यांनी पाहिलाय), पण बाई शेताच्या बांधावर पाल ठोकून राहिली की तिथे कुठली अंगणवाडी. माझ्या शाळेत नोव्हेंबरात साठाची पोरं वीस-बावीस व्हायची. परत यायची ती होळीला.

होळी म्हणजे त्यांची दिवाळी आहे, खरं तर दिवाळीहून मोठी. कुठेही असोत, होळीला माणूस गावी येणार म्हणजे येणार. पाच दिवस काम बंद, रात्रभर ढोलकी आणि बासरी, बायका हातात हात घालून ओळीने नाचतात. बायका-पोरं रस्त्यावर दोर आडवा धरून फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागतात. पहिल्या वर्षी मला अडवलं तेव्हा मी घाबरले होते, दुसऱ्या वर्षी मी त्यांच्याबरोबर दोर धरून उभी होते. पण मी शिक्षक असल्यामुळे की काय माझं लक्ष लेकरांच्या दंडांवर जायचं. ऑक्टोबरात पाहिलेलं लेकरू मार्चमध्ये ओळखू यायचं नाही. हात म्हणजे काटक्या, पोट पुढे, केस तांबूस. ढोल वाजतोय आणि लेकरू आईच्या खांद्यावर मान टाकून पडलंय, आई नाचतेय कारण सहा महिन्यांत तिला हाच एक आठवडा मिळालाय. तिने नाचू नये का? मला तिला काही बोलवलं नाही.

मग काय पाहिजे त्यांना? हा प्रश्न मला अमरावतीत कायम विचारतात, चांगल्या मनानेच विचारतात, आणि लगेच म्हणतात आम्ही कपडे पाठवू का. कपडे नका पाठवू. जुन्या साड्यांचे गठ्ठे येऊन शाळेच्या व्हरांड्यात पडलेले मी पाहिलेत, पाऊस लागून कुजलेले.

काम गावात पाहिजे. रोजगार हमीची कामं मेळघाटात खूप निघतात, लोक राबतातही, पण मजुरी हातात पडायला महिने लागतात, आणि रोजच्या भाकरीचा प्रश्न असलेला माणूस महिने थांबू शकत नाही, तो पालाचं बोचकं बांधून निघतो. मजुरी पंधरा दिवसांत द्यायची असा कायदाच आहे. तेवढं पाळलं तरी निम्मी लेकरं शाळेत राहतील, हे मी वर्गात बसून बघितलेलं सांगतेय.

जंगलावरचा हक्क पाहिजे. पायथ्याचं पायविहीर गाव बघा, २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, उजाड टेकडीवर गावाने झाडं राखली, सीताफळं स्वतः प्रतवारी करून, खोक्यात भरून शहरात विकली, २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथेही कोरकूच राहतात, आळशी म्हणून ज्यांना नावं ठेवतात तेच. उलट बाजूला, व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली गावं. कुटुंबाला दहा लाख मिळाले, अकोटकडे सपाटीवर जमीन-प्लॉट झाले, काहींचं बरं चाललंय, काहींचे पैसे दोन वर्षांत गाडी आणि लग्नात संपले. मला एका पुनर्वसित गावातले एक काका भेटले होते, त्यांना विचारलं कशाची आठवण येते. मला वाटलं मोह म्हणतील नाहीतर नदी. ते म्हणाले मुठवा तिकडेच राहिला, त्याला कोणी विचारलं नाही येतोस का.

पाणी पाहिजे. अमरावती जिल्ह्यात सर्वात जास्त पाऊस पडतो तो चिखलदऱ्यात आणि उन्हाळ्यात खडीमलसारख्या गावात टँकरचं पाणी विहिरीत ओततात आणि बाया दोर टाकून ते खरवडून काढतात, दरवर्षी तोच फोटो पेपरात. रस्ता पाहिजे, मोबाईलची रेंज पाहिजे, कारण १०८ ला फोन लावायला टेकडीवर चढावं लागत असेल तर ॲम्ब्युलन्स असून काय उपयोग. हे सगळं लिहून लिहून लोकांनी वह्या भरल्यात, मी नवीन काही सांगत नाहीये.

जे कमी लिहिलं जातं ते सांगते, भाषा. मेळघाटात बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ बाहेरच्या जिल्ह्यांतून पंधरा-पंधरा दिवसांसाठी पाळीपाळीने पाठवतात. माणसं मेहनती असतात त्यातली पुष्कळ, मी पाहिलंय, पण पंधरा दिवसांत काय होणार? पहिले तीन दिवस गाव शोधण्यात, शेवटचे तीन निघायच्या तयारीत. समोरची बाई गप्प बसते म्हणून डॉक्टरला वाटतं हिला काही सांगायचं नाही. तिला वाटतं याला काही ऐकायचं नाही. ती घरी जाते आणि भुमकाला सगळं सांगते. तिथल्या काही लोकांनी हे ओळखून भुमकांनाच सोबत घ्यायला सुरुवात केली, तुम्ही पूजा करा, पण डंबा देऊ नका, पेशंट आमच्याकडे पाठवा, असं. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. आमच्या गावचे भुमका पुढे स्वतः बाळंतिणीला घेऊन जीपमध्ये बसायचे. दवाखान्याच्या दारात बसून राहायचे, आत बाईला धीर यावा म्हणून. त्यांना पाहिल्यावर मला माझं पहिलं वर्ष आठवायचं, मी त्यांना खुनी म्हटलं होतं सरांसमोर.

शाळेचंही तेच. राज्यघटनेचं ३५० अ कलम १९५६ पासून आहे, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय करा म्हणतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही आहे, शक्य असेल तितपत, असं. त्या "शक्य असेल तितपत" मध्ये किती पिढ्या गेल्या. मी सात वर्षं होते तिथे. तिसऱ्या वर्षापासून मी पहिलीचे पहिले सहा महिने कोरकूतच शिकवलं, कोणाला विचारलं नाही, देवनागरीतच लिहायचं, दा, उरा, सिता, कूला. लेकरं दिवाळीच्या आत वाचायला लागली. मग हळूहळू शेजारी मराठी शब्द. एकदा तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले मॅडम हे कुठल्या अभ्यासक्रमात आहे. मी म्हटलं सर, यांच्या घरात आहे. त्यांनी शेरा मारलाच वहीत, तो मारू दे. त्या वर्षी चौथीच्या पोरांनी मराठीत जी पत्रं लिहिली ती माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत, एकात लिहिलंय "बाई तुम्ही जाऊ नका तुमची कोरकू आता थोडी बरी झाली आहे".

२०१८ ला बदली झाली. मीच मागितली होती, सासूबाई आजारी होत्या. आजी निघताना काही बोलली नाही, तिने एका फडक्यात कुटकी बांधून दिली, दोन-तीन किलो असेल. तिच्याकडे तेव्हा किती उरली असेल याचा हिशोब मी पुढे कितीदा केला.

तो पोरगा आता वीस-एकविसाचा आहे. धारणीला होता काही दिवस, आता पुण्याकडे कुठल्यातरी गोदामात कामाला, होळीला गावी येतो, मला फोन करतो. फोनवर मराठी एकदम झकास बोलतो, माझ्यापेक्षा शुद्ध, मध्येच मुद्दाम विचारतो, "बाई, लाज म्हणजे काय?" आणि मी सांगते.

मागच्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. नर्सिंग झालंय, पहिली पोस्टिंग मेळघाटात, धारणीकडचं उपकेंद्र, घरात रडारड चालू आहे. तिला कोणीतरी सांगितलं काकूला तिकडची भाषा येते. म्हणाली काकू, मला दहा शब्द तरी सांगा. मी जुनी वही काढली, तिची पानं आता पिवळी पडलीत, आणि सांगायला लागले, ती लिहून घेत होती. दा, पाणी. जोम, खाणं. मेड, लुतुर, मू, ती. उरा, घर. मिया बारी आफई, गोळ्या मोजायला लागतील तुला.

"आणि पोटाला काय म्हणतात काकू?"

मी सांगितलं. ती हसली, म्हणाली, "लाज? आपली लाज?"

मी म्हटलं हो, तीच अक्षरं. मोठ्या अक्षरात लिही, पहिल्या पानावर.